दूध तोडलेली सशाची पिल्ले आणि प्रोबायोटिकचे पाकीट

तुमचा प्रश्न मला असा कळला. 28 व्या दिवशी पिल्ले आईपासून वेगळी करता. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सहातले एक जुलाबाने जाते. उरलेली 10 आठवड्यांची झाली तरी दीड किलोच्या पुढे सरकत नाहीत. विक्रेत्याने प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत उपयोगी जंतूंची, दोन पाकिटे पुढे केली आहेत: एक लॅक्टोबॅसिलस या जिवाणूचे, पाण्यातून द्यायचे, आणि दुसरे यीस्टचे, खाद्यात मिसळायचे. कोणते घ्यावे, किती द्यावे, वजन किती वाढेल, आणि सोबत प्रतिजैविक चालू असेल तर चालते का, एवढे तुम्हाला हवे आहे.

आधी सरळ उत्तर. दोहोंत निवडायचेच असेल तर यीस्ट. वजन वाढेल या आशेने घेत असाल तर घेऊ नका. दूध तोडण्याच्या आगेमागे मरणारी पिल्ले कमी व्हावीत म्हणून घेत असाल तर वापरून बघण्यासारखे आहे, पण खाद्यातले तंतू आणि दूध तोडण्याचे वय ताळ्यावर आणल्यानंतर. असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण हे पाकीट दोन महिने वापरून "काही फरक नाही" म्हणणारे आणि "जादू आहे" म्हणणारे, दोघेही मला भेटतात आणि बहुतेक वेळा दोघांनीही नीट मोजलेले नसते.

सशाचे सगळे पोट सीकमभोवती फिरते. सीकम म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची बंद पिशवी. माणसात ती नावापुरती असते, सशात मात्र पचनमार्गाच्या एकूण आकारमानाचा सुमारे 40 टक्के भाग तिनेच व्यापलेला असतो. जाड चोथा बाहेर टाकला जातो, बारीक कण आणि रस मागे ढकलून या पिशवीत साठवले जातात आणि तिथे जंतू ते आंबवतात. त्यातून तयार होणारी आम्ले ससा ऊर्जा म्हणून वापरतो. मग दिवसातून एकदा-दोनदा, बहुधा निवांत वेळी, या पिशवीतला माल मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्यांच्या रूपात बाहेर येतो आणि ससा तो थेट गुदद्वारातूनच तोंडात घेऊन गिळतो. त्यातून त्याला जंतूंनी बनवलेली प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे मिळतात.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. पिंजऱ्याखाली अशा मऊ, चिकट, वास मारणाऱ्या लेंड्या पडलेल्या दिसल्या की बरेच जण जुलाब समजून औषधाला धावतात. तो जुलाब नसतो. खाद्यात प्रथिने किंवा पिष्ट जास्त झाले, किंवा जनावर लठ्ठ झाले, की ते या लेंड्या खात नाही आणि त्या खाली पडतात. त्यावर इलाज खुराक कमी करून चारा वाढवण्याचा. खऱ्या जुलाबात घोस दिसत नाहीत. मागचे पाय आणि शेपटीखालचे केस ओले, चिकटलेले असतात, किंवा नुसता जेलीसारखा शेंबडासारखा पदार्थ पडतो. तुमच्याकडे नेमके काय पडते ते उद्या सकाळी वाकून बघा. सहा पिल्लांतले एक मरते आहे म्हणजे खरा जुलाब असणारच, पण सगळ्या पिंजऱ्यांत तोच प्रकार आहे असे गृहीत धरू नका.

आता पिल्लाचे बघू. जन्मतः पिल्लाचे आतडे जवळजवळ जंतुरहित असते. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही तीन-पाच मिनिटे दूध पाजते. त्या दुधातल्या चरबीपासून पिल्लाच्या पोटात कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही मेदाम्ले सुटतात, ती जंतूंना मारक असतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पोटात फार काही वाढत नाही आणि पिल्लू सुरक्षित असते. 18 ते 21 दिवसांच्या सुमारास ते घरट्याबाहेर येऊन आईचा खुराक कुरतडायला लागते. त्याच सुमारास सीकममध्ये जंतूंची वस्ती झपाट्याने वसायला लागते. सीकमचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका लहान तितके आम्ल जास्त) 15 व्या दिवशी 6.8 च्या आसपास असतो, तो 50 व्या दिवसापर्यंत 6 च्या खाली येतो. ही उतरण पूर्ण होण्याआधीच आपण दूध बंद करतो. म्हणजे दुधाचे संरक्षण गेलेले, जठराचे आम्ल अजून प्रौढाइतके तीव्र झालेले नाही, सीकमची वस्ती अर्धवट, आणि वर नवा पिंजरा, नवे सोबती. ई. कोलाय आणि क्लॉस्ट्रिडियमसारख्या जंतूंना याहून चांगली संधी मिळत नाही. तुमची पिल्ले नेमकी याच खिंडीत मरत आहेत, आणि प्रोबायोटिकला काही करून दाखवायची जागा असली तर तीही हीच.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली ती साधी आहे: पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाला आरोग्याचा लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातले "जिवंत" आणि "पुरेशा" हे दोन शब्द पाकीट विकत घेताना विसरले जातात.

"पुरेशा"चा हिशोब करून बघा. निरोगी सशाच्या सीकममधल्या एका ग्रॅम मालात किमान 10 अब्ज जंतू असतात, बऱ्याचदा याच्या कितीतरी पट. दोन किलोच्या सशात असा माल 100 ग्रॅमच्या आसपास धरला तरी एकूण वस्ती 1000 अब्जांच्या वर गेली. आता खाद्याच्या दर ग्रॅममध्ये 10 लाख जंतू असे नेहमीचे प्रमाण घेतले आणि ससा 100 ग्रॅम खातो असे धरले, तर पोटात जातात 10 कोटी. म्हणजे आधीच्या दहा हजार रहिवाशांमागे एक पाहुणा. हा पाहुणा वस्ती उलथवून टाकेल अशी कल्पना करणेच चूक आहे. तो जाता जाता काहीतरी करून जातो, एवढेच. पाकीट बंद केले की काही दिवसांत तो दिसेनासा होतो. म्हणून आठवड्यातून एकदा "डोस" देण्याला अर्थ नाही. द्यायचे तर रोज, खाद्यातून.

मग जाता जाता तो करतो काय? यीस्ट, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई, आतड्यात शिरलेला थोडाफार ऑक्सिजन वापरून टाकते, आणि सीकममधले तंतू पचवणारे जंतू ऑक्सिजनशिवायच जगतात, त्यामुळे त्यांना ते सोयीचे पडते. तिच्या पेशींच्या भिंतीतल्या मॅनन शर्करांना काही ई. कोलाय चिकटतात आणि आतड्याऐवजी तिच्यासोबत बाहेर जातात. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपे, करणारे जिवाणू. ते विकरे सोडतात आणि शत्रूला मारणारे काही पदार्थ बनवतात. लॅक्टोबॅसिलस लॅक्टिक आम्ल बनवतो. कागदावर तिघेही चांगले. पण ससा हा असा प्राणी आहे की त्याच्या आतड्यात लॅक्टोबॅसिलस मुळातच फार थोडे सापडतात, अनेकदा सापडतही नाहीत. डुक्कर, कोंबडी किंवा वासरू यांच्या पोटात जो घरचा माणूस, तो सशाच्या पोटात परका. शिवाय प्रौढ सशाच्या जठराचा पीएच 1 ते 2, त्यातून जिवंत पार होणे त्याला जड जाते. म्हणून मी वर यीस्ट म्हणालो. तुमच्या विक्रेत्याकडे बॅसिलसच्या बीजाणूंचे पाकीट असते तर यीस्टसोबत त्याचाही विचार केला असता.

लॅक्टोबॅसिलसच्या प्रयोगांत कधीच फायदा दिसला नाही असे मी म्हणत नाही, दिसला आहे. पण एकूणच सशांमधल्या प्रोबायोटिकचे निकाल एकसारखे नाहीत. कुठे वाढ थोडी बरी, कुठे खाद्य थोडे कमी लागले, कुठे शून्य. ज्या प्रयोगांत वाढीत फरक दिसतो तिथेही तो बहुधा रोजच्या एक-दोन, फार तर तीन ग्रॅमचा असतो. असा प्रयोग वाचताना मी सगळ्यात आधी न दिलेल्या गटातली मरतूक बघतो. ती जवळपास शून्य असेल तर तिथली पिल्ले आधीच सुखात होती, प्रोबायोटिकला दुरुस्त करायला काही नव्हतेच. मरतूक बरीच असेल तिथे फरक दिसण्याची शक्यता जास्त, आणि तो वजनापेक्षा जगण्यात दिसतो.

तुमच्या वजनाचा खड्डा केवढा आहे ते बघा. दूध तोडताना पिल्लू 500 ग्रॅमचे धरले आणि 42 दिवसांनी 1500, तर रोजची वाढ 24 ग्रॅम. मांसासाठीच्या मध्यम आकाराच्या जाती, उदाहरणार्थ न्यूझीलंड व्हाइट, चांगल्या खाद्यावर आणि बेताच्या हवेत 35 ते 40 ग्रॅम करतात. म्हणजे कमी पडतात 11 ते 16 ग्रॅम, आणि पाकीट जास्तीत जास्त दोन-तीन देणार. बाकीचे कुठे गळतात ते शोधल्याशिवाय उपाय नाही. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा खाद्य. वाढत्या पिल्लाच्या खाद्यात कच्चे तंतू 14 ते 18 टक्के, प्रथिने 15 ते 17 टक्के असावीत, आणि दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पिष्ट 14-15 टक्क्यांच्या वर जाऊ नये. "मरगळलेत, जरा ताकदीचे देऊ" म्हणून मका वाढवणारे खूप आहेत. जास्तीचे पिष्ट लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, सीकममध्ये उतरते आणि तिथे जे नको तेच पोसते. तंतूंची दुसरी कामगिरी लोक विसरतात: लिग्निनसारखे न पचणारे जाड तंतू आतड्याची चाल चालू ठेवतात. चाल मंदावली की माल साचतो, आंबतो, पोट फुगते. खाद्याच्या पिशवीवर तंतूंचा आकडा 10-11 टक्के असेल तर प्रोबायोटिकचा विषय मी तिथेच थांबवतो. आधी ती पिशवी बदला. बदलताना सात-आठ दिवस जुने-नवे मिसळून द्या, एका रात्रीत नको.

दुसरी जागा पाणी आणि उष्णता. ससा जेवढे सुके खाद्य खातो त्याच्या दीड ते दोन पट पाणी पितो. पाणी कमी मिळाले की तो खातही नाही, आणि हे वजनकाट्यावर दिसायला आठवडा जातो. तापमान 30 अंशांच्या वर गेले की खाणे घटते. घाम गाळून अंग थंड करणे सशाला जमत नाही, मोठे कान हाच त्याचा मुख्य आधार.

तिसरी जागा कॉक्सिडिया, म्हणजे एकपेशीय परजीवी, आणि इथे मी थोडा जास्त थांबतो, कारण पाच ते आठ आठवड्यांच्या पिल्लांचे जुलाब हे कित्येकदा त्याचेच काम असते. सशांमध्ये या परजीवींच्या, म्हणजे आयमेरियाच्या, 11 जाती ओळखल्या गेल्या आहेत. त्यातली आयमेरिया स्टायडे यकृतात बसते, बाकीच्या आतड्यात, आणि आतड्यातल्यांत इंटेस्टिनॅलिस आणि फ्लॅव्हेसेन्स या सगळ्यात घातक. लेंडीतून बाहेर पडलेली अंडी लगेच लागण करत नाहीत. उबेत आणि ओलाव्यात पिकायला त्यांना दोन-तीन दिवस लागतात. म्हणून ओली जमीन, पाण्याचे गळते निपल आणि लेंड्या अडकलेली जाळी हीच खरी रोगाची कोठारे. प्रोबायोटिकने कॉक्सिडिया जात नाही. पशुवैद्यकाकडून लेंड्यांची तपासणी करून घ्या. तासाभराचे काम आहे. औषध मात्र त्यांनाच विचारून द्या. कोंबडीच्या खाद्यात कॉक्सिडियासाठी वापरले जाणारे नारासिन सशाला जीवघेणे आहे, आणि सॅलिनोमायसिनची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार थोडे अंतर आहे. "खाद्य संपले म्हणून दोन दिवस कोंबडीचे घातले" या एका वाक्यामागे मी रिकामे झालेले पिंजरे पाहिले आहेत.

आणि चौथी, दूध तोडण्याचे वय. 28 दिवस हे चालणारे वय आहे, पण ते चांगले खाद्य आणि कोरडी जागा असलेल्यांसाठी. तुमची मरतूक बघता पुढचे दोन-तीन वेत 35 व्या दिवसापर्यंत आईजवळ ठेवा. मादीवर ताण येईल, तिला पुन्हा लावणे थोडे पुढे ढकलावे लागेल. तेवढी किंमत मोजण्यासारखी आहे. वेगळे करताना पिल्लांना जागेवरच ठेवून आईला हलवता आले तर उत्तम. एकाच वेतातली भावंडे एकत्र राहू द्या.

आणखी एक बिनखर्ची गोष्ट म्हणजे दूध तोडल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे पोटभर खाऊ न देणे. फ्रान्समध्ये 1996-97 च्या सुमारास सशांचा एक नवा आतड्याचा आजार उफाळला, पोट पाण्याने फुगणारा, आणि तो युरोपभर पसरला. प्रतिजैविकांनी तो दबत होता, पण वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून पूर्ण बंदी आणली. तेव्हा तिथल्या ससेपालकांनी दोन वाटा धरल्या. एक प्रोबायोटिकची. दुसरी, पिल्ले जेवढे खातील त्याच्या 75-80 टक्केच खाद्य देण्याची. माझ्या मते दुसरी वाट जास्त खात्रीची ठरली. पिल्ले त्या काळात थोडी मागे पडतात, पण नंतर पोटभर मिळाले की बरेचसे भरून काढतात, आणि जुलाबाने कमी मरतात. फक्त सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी गव्हाण लांब हवी, नाहीतर दांडगी पिल्ले पोटभर खातात आणि दुबळी उपाशी राहतात.

एवढे सगळे झाले आणि तरी पाकीट घ्यायचे ठरले, तर आता वापराचे.

लेबलवर तीन गोष्टी बघा: सूक्ष्मजीवाचे पूर्ण नाव आणि वाणाचा क्रमांक, दर ग्रॅमला जिवंत पेशी किती, आणि ती संख्या कोणत्या तारखेपर्यंत टिकेल. नुसते "उपयुक्त जंतूंचे मिश्रण" लिहिले असेल तर ते पाकीट परत द्या. वाणाचा क्रमांक हा शोभेचा नाही. बॅसिलस सेरेयसचा टोयोई नावाचा वाण युरोपात सशांसह अनेक जनावरांच्या खाद्यात वर्षानुवर्षे अधिकृतपणे वापरला जात होता. त्यात प्रतिजैविकांना न जुमानण्याचे गुण आढळल्यावर 2013 मध्ये त्याची परवानगी स्थगित झाली. एकाच जातीचा एक वाण चांगला आणि दुसरा धोक्याचा असू शकतो.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. खाद्याच्या दर ग्रॅमला 10 लाख जिवंत पेशी हव्या असतील तर किलोला 100 कोटी लागतात. पाकिटात दर ग्रॅमला 100 कोटी असतील तर किलो खाद्याला 1 ग्रॅम, म्हणजे टनाला 1 किलो. पाकिटात दर ग्रॅमला 1000 कोटी असतील तर टनाला 100 ग्रॅम पुरतात. यीस्टसाठी यापेक्षा पाच-दहा पट प्रमाणही वापरतात. लेबलवर सशांसाठी वेगळे प्रमाण दिले असेल तर तेच पाळा. एवढीशी भुकटी थेट टनभर खाद्यात टाकली तर कुठे ढीग, कुठे काहीच नाही. आधी ती किलो-दोन किलो गव्हाच्या कोंड्यात मिसळा, मग ते दहा किलोत, मग मोठ्या ढिगात.

"जिवंत"ची अडचण गोळी खाद्यात येते. गोळी काढताना वाफेने खाद्य 70 ते 85 अंशांपर्यंत तापते. त्यात साधे यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस मोठ्या प्रमाणात मरतात. बॅसिलसचे बीजाणू टिकतात. म्हणून तुम्ही गोळी बाहेरून करून आणत असाल तर यीस्ट गोळीच्या आत घालण्यात अर्थ नाही, उष्णता सोसणारे आवरण असलेले असेल तरच घाला. नाहीतर गार झालेल्या गोळीवर तेलाचा अगदी हलका हात देऊन वरून चोळा आणि ते खाद्य चार-पाच दिवसांत संपवा. उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवलेले पाकीट महिन्याभराने निव्वळ भुकटी असते.

पाण्यातून देण्याच्या पद्धतीवर माझा राग आहे आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी टाकीत लॅक्टोबॅसिलसची भुकटी टाकायचो. पहिली चूक म्हणजे टाकीत क्लोरीनचे पाणी होते, म्हणजे जंतू मारायच्या औषधात जंतू पेरत होतो. ते लक्षात आल्यावर पाणी बदलले, तर दुसरी अडचण. त्या भुकटीत वाहक म्हणून साखर असते. आठ-नऊ दिवसांनी एका ओळीतली पिल्ले खाद्याला तोंड लावेनात. निपल दाबले तर थेंब येईना. नळीचे टोक उघडून बोट आत घातले, तर आतून शेवाळासारखा बुळबुळीत थर, आंबूस वास. पुढची सगळी निपले त्याच बुळबुळीने तुंबलेली. एक रात्र ती पिल्ले तहानलेली होती आणि दोष मी आजाराला देत होतो. तेव्हापासून माझ्या पाण्याच्या नळीत पाण्याशिवाय काही जात नाही. पशुवैद्यकाने सांगितलेले औषध द्यावे लागलेच तर त्यानंतर नळ्या पूर्ण धुऊन घेतो.

सुरुवात कधी करायची? जुलाब लागल्यावर नक्कीच नाही. पोट फुगलेले, दात करकरवणारे, हलवले की पखालीसारखे खळखळणारे पिल्लू यीस्टने वाचत नाही. त्याला वेगळे करा, खुराक काढून चांगला वाळका चारा आणि पाणी द्या, पशुवैद्यकाला बोलवा. प्रोबायोटिकची खरी सुरुवात आईपासून. विण्याच्या आठवडाभर आधीपासून आणि दूध पाजण्याच्या पूर्ण काळात मादीच्या खाद्यात ते असू द्या, म्हणजे 18-20 दिवसांची पिल्ले तिच्या गव्हाणीत तोंड घालतील तेव्हा त्यांनाही मिळेल. मग दूध तोडल्यावर तीन-चार आठवडे चालू ठेवा आणि थांबवा. विक्रीपर्यंत ओढण्याइतका फायदा मला कधी दिसला नाही.

आईचा विषय निघालाच आहे तर, पिल्लांना जंतूंची पहिली शिदोरी निसर्गच देतो. पाजून निघताना मादी घरट्यात थोड्या कडक लेंड्या टाकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली पिल्ले त्या कुरतडतात. या लेंड्या मिळालेल्या पिल्लांच्या सीकमची वस्ती लवकर बसते. कोंबड्यांच्या पिल्लांत असेच काहीसे नुर्मी आणि रांटाला या फिनलंडच्या संशोधकांनी 1973 मध्ये दाखवले होते: प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला माल दिलेल्या पिल्लांना साल्मोनेलाची लागण सहज होईना. तेव्हा घरट्यातली ओली, घाण झालेली गादी जरूर बदला, पण दोन-चार कोरड्या लेंड्या दिसल्या की रोज चिमट्याने वेचून काढणारी अतिस्वच्छता नको. मादीला कॉक्सिडिया असेल तर मात्र हीच शिदोरी रोगही पोचवते, म्हणून मादीच्या लेंड्याही तपासून घ्या.

प्रतिजैविकाबद्दल. जिवाणूंवरचे औषध चालू असेल तर लॅक्टोबॅसिलस आणि बहुतेक बॅसिलस त्याच्या तडाख्यात सापडतात. यीस्ट बुरशीच्या कुळातली असल्याने टिकते. पण त्याआधी कोणते प्रतिजैविक चालू आहे ते बघा. तोंडावाटे दिलेले अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही सशात सीकमची वस्ती मोडून क्लॉस्ट्रिडियमला मोकळे रान देतात आणि त्यानेच जनावर मरते. दुसऱ्या जनावरांसाठी आणलेली उरलेली बाटली सशाच्या पाण्यात ओतली जात असेल तर तुमच्या मरतुकीचे कारण कदाचित तिथेच सापडेल.

आता मोजण्याचे. माझ्याकडे पहिल्यांदा यीस्ट आले तेव्हा मी शेडच्या उजव्या ओळीला दिले, डावीला नाही. दोन महिन्यांनी उजवी ओळ स्पष्ट पुढे. मी खूश, आणखी दोन पोती मागवली. पुढच्या खेपेला डाव्या ओळीला दिले, तरी उजवीच पुढे. उजवीकडे खिडक्या होत्या. वारा होता. वाऱ्याचे श्रेय मी पाकिटाला दिले होते.

म्हणून ओळी वाटू नका, वेत वाटा. एका वेतात आठ पिल्ले असतील तर चार इकडे, चार तिकडे, वजने जुळवून. दोन्ही गटांचे पिंजरे एकाआड एक ठेवा. दूध तोडताना, मग दर आठवड्याला त्याच वारी, खाद्य देण्याआधी वजन करा. गव्हाणीत टाकलेले आणि उरलेले खाद्य दोन्ही लिहा, जाळीतून सांडलेलेही. आणि प्रत्येक मृत्यू तारखेसह. किती पिल्ले लागतील? 70 व्या दिवशी सरासरी दोन किलो आणि त्याभोवती 200 ग्रॅमचे प्रमाण विचलन, म्हणजे वजनांची पसरण, धरले, तर पाच टक्क्यांचा, म्हणजे 100 ग्रॅमचा फरक भरवशाने पकडायला प्रत्येक गटात 60 ते 65 पिल्ले लागतात. पिल्ले पिंजऱ्यात एकत्र असतात, त्यामुळे खरे तर याहून जास्त. पाच-सहा पिल्लांवर काढलेला निष्कर्ष, बाजूने असो की विरुद्ध, मी ऐकून सोडून देतो.

आणि हिशोब मांडताना सरासरी वजन नाही, दूध तोडलेल्या 100 पिल्लांमागे विक्रीला किती किलो निघाले ते काढा. कल्पनेतले उदाहरण घ्या. 100 पैकी 15 मेली, 85 पिल्ले 2.1 किलोची झाली: 178.5 किलो. समजा पाकिटाने विक्रीचे वजन दोन टक्क्यांनी वाढले, मरतूक तेवढीच: पिल्लू 2.142 किलोचे, एकूण 182 किलो. आता समजा वाढ जराही बदलली नाही, पण मेली 9 च: 91 पिल्ले, 191.1 किलो. पहिल्यात साडेतीन किलो हाती लागले, दुसऱ्यात साडेबारा. यात गंमत अशी की दुसऱ्या गटाचे सरासरी वजन मुळीच वाढलेले दिसत नाही. कधी कधी ते थोडे घटतेही, कारण एरवी मेली असती ती अशक्त पिल्लेही आता काट्यावर चढतात. नुसती सरासरी बघणारा म्हणणार, उपयोग झाला नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवेन: या आठवड्यात लेंड्यांची तपासणी आणि खाद्याच्या पिशवीवरचे तंतू, येत्या वेतापासून 35 दिवस आईजवळ आणि त्यानंतर तीन आठवडे मोजके खाद्य. त्याने मरतूक सहातल्या एकावरून वीसातल्या एकावर आली, तर पाकिटाला फारसे काम उरणार नाही, पैसे राखून ठेवा. दहातल्या एकावर अडकली, तर यीस्टचे छोटे पाकीट आणा, निम्म्या माद्यांना विण्याच्या आठवडाभर आधीपासून चालू करा आणि बाकीच्या निम्म्या तशाच ठेवा. या खेपेला मात्र वेत दोन गटांत वाटता येणार नाहीत, कारण पिल्ले आईच्याच गव्हाणीत खातात. म्हणून वय आणि आधीची वेते जुळवून माद्यांच्या जोड्या लावा आणि जोडीतल्या कोणत्या मादीला द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवा. लॅक्टोबॅसिलसचे पाकीट घेऊन ठेवले असेलच, तर निदान ते टाकीत ओतू नका.